घरी केलेलं कॅबिनेट: पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, आणि पत्र्याला हात लावला की मुंग्या

मशरूम_बटण (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी. मी उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात फिटर आहे. संगणकाचं जुनं कॅबिनेट दोन-तीन पावसाळ्यांत गंजून खलास झालं, म्हटलं नवं आपणच करू. बाजू आणि तळ फणसाच्या लाकडाचा, गल्लीतल्या सुतारमामांनी रंधून दिला. पुढची बाजू सोळा गेजचा पत्रा. आमच्या शेजारच्या शेडमध्ये कंट्रोल पॅनेल तयार होतात, तिथंच कापून, वाकवून, सिमेन्स ग्रे पावडर कोटिंग मारून घेतला. सगळी हौस अशी की पुढून तो मशीनच्या पॅनेलसारखा दिसायला पाहिजे. म्हणून २२.५ मिलिमीटरची भोकं पाडून पॉवरला हिरवं स्टार्टचं बटण आणि रिसेटला लाल मशरूम, म्हणजे मशीनवरचा इमर्जन्सी स्टॉप. मधे एक पिवळा दिवा. घरी येणारा प्रत्येक मित्र आधी मशरूमवर थाप मारतो, ते सोडा.

आता अडचण. हिरवं बटण दाबलं की एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) सुरू होतो, पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. रॅम काढून, रबरानं घासून परत बसवली. ग्राफिक कार्ड काढून बघितलं. तेच. जुन्या कॅबिनेटमध्ये हाच बोर्ड मस्त चालत होता. गंमत म्हणजे काल धाकट्या भावानं वैतागून मशरूम दाबला आणि तसाच दाबलेला ठेवला, तर विंडोज सुरू झालं! फिरवून सोडवला की परत काळा पडदा. बोर्ड गेला म्हणायचा काय?

दुसरं म्हणजे, चालू असताना यूएसबीच्या तोंडाला नाहीतर पुढच्या पत्र्याच्या स्क्रूला मनगट घासलं की मुंग्या येतात. शॉक असा नाही. पण आईचा पुसताना हात लागला आणि तेव्हापासून ती त्या टेबलाकडं फिरकत नाही. घर आजोबांच्या वेळचं. बोर्डात थ्री-पिन सॉकेट आहे, पण खोलून बघितलं तर मागं दोनच वायरी. ओळखीचा एक वायरमन म्हणाला, सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थच्या पिनेत वायरीचा तुकडा टाकून देतो, मुंग्या बंद. करून घेऊ काय?

तिसरं, रंगीत लाइटची पट्टी. पाच व्होल्टची, मीटरला साठ एलईडी, दोन मीटर घेतली आहे. बोर्डाच्या हेडरला (वायर लावायच्या पिनांना) लावून पांढरा रंग केला की शेवटाकडं तो पिवळा होत होत तांबडा होतो.

आणि पॅनेलवाल्यांकडून एक चार इंची पंखा मिळालाय, नवा कोरा. मागं लावून बघितला, भोकं तंतोतंत जुळतात. चालेल ना?

फोटो टाकलाय. वायरींकडं बघून हसू नका.

---

चंदगडी_गेमर

एवढी उठाठेव कशाला गा? काच लावलेलं, तीन पंख्यांचं कॅबिनेट दोन-तीन हजारात मिळतंय. बोर्ड शंभर टक्के गेलाय. फणसाचं लाकूड चुलीत घाल.

---

मशरूम_बटण

सुतारमामांना तुझा पत्ता देऊ काय?

---

जुना_वायरमन_शहापूर

बोर्ड गेलेला नाही. नवा घेऊ नकोस.

तुझ्या भावानं उत्तर शोधून ठेवलंय, तुम्हाला दोघांना ते दिसलं नाही एवढंच. मशरूमच्या मागचा कॉन्टॅक्टचा ठोकळा बघ. लाल असेल आणि त्यावर १ आणि २ नाहीतर ११ आणि १२ असे आकडे असतील. तो एनसी, म्हणजे न दाबता जोडलेला, दाबला की तुटणारा. मशीनवर इमर्जन्सीला तसाच लागतो. मधे कुठं वायर तुटली तरी मशीन थांबलं पाहिजे, चालू राहता कामा नये, हा त्यातला हिशेब. मदरबोर्डाचं उलटं आहे. रिसेटच्या दोन पिना क्षणभर जुळल्या की रिसेट, सुटल्या की कामाला लागायचं. तू त्या कायमच्या जुळवून ठेवलास. एसएमपीएस चालू, पंखे चालू, आणि प्रोसेसर मात्र रिसेटमध्येच अडकलेला. मशरूम दाबला की ठोकळा तुटतो, रिसेट सुटतो, विंडोज येतं. भावाला चहा पाज.

आता आधी रिसेटची वायर बोर्डावरून उपटून बाजूला ठेव आणि चालव. बहुतेक बोर्डांवर खालच्या कोपऱ्यात पिनांच्या दोन रांगा असतात, पाच आणि चार. दहावी पिन मुद्दाम नसते, त्या रिकाम्या जागेवरून दिशा ओळखायची. एका रांगेत विषम आकडे, दुसरीत सम. १ आणि ३ हार्ड डिस्कचा दिवा, २ आणि ४ पॉवरचा दिवा, ५ आणि ७ रिसेट, ६ आणि ८ पॉवर बटण. बटणांना अधिक-उणे नसतं. दिव्यांना असतं, त्यात १ आणि २ अधिक. तरी बोर्डासोबतचं पुस्तक उघडून ताडून घे, एखादी कंपनी वेगळं करते.

हिरव्या बटणाचा ठोकळा हिरवा असेल, ३-४ लिहिलेला. तो एनओ, म्हणजे दाबला की जोडणारा, बरोबर आहे. पण बटण दाबून सोडणारंच पाहिजे. काही स्टार्टची बटणं दाबली की आतच राहतात. पॉवरच्या पिना चारेक सेकंद जुळून राहिल्या की बोर्ड संगणक जबरदस्तीनं बंद करतो, मग तू परत इथं येऊन विचारशील की आपोआप बंद का पडतंय.

कारखान्यातल्या ठोकळ्याची एक खोड सांगतो, ती पुस्तकात लिहिलेली नसते. ते ठोकळे २४, ११०, २३० व्होल्टवर कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायला केलेले. तिथं दर वेळी बारीक ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्ट आपोआप घासून निघतो. मदरबोर्डाच्या बटणावर असतात तीन ते पाच व्होल्ट आणि करंट नावाला. कॉन्टॅक्टवर तेलाची, गंजाची पातळ साय असली तर एवढ्याशा विजेला ती फुटत नाही. नवा ठोकळा असला तर प्रश्न नाही. रॅकवर कूलंटच्या तुषारात पडून राहिलेला उचलून आणला असशील तर मल्टिमीटर बझरवर ठेव आणि बटण पुन्हा पुन्हा दाबून बघ. हळू दाब, जोरात दाब, तिरकं दाब. एकदा जरी बझर चुकला तरी ठोकळा बदल.

पिवळा दिवा पेटत नाही हे तू लिहिलं नाहीस, पण पेटत नसणारच. पॅनेलचा दिवा २४ व्होल्टचा नाहीतर २३० चा. बोर्डाच्या पिनेवर फार तर पाच, तेही रेझिस्टरमधून आलेले. आतलं मॉड्यूल काढ, साधा पाच मिलिमीटरचा एलईडी डाग देऊन बसव, वर हीट श्रिंक. वेगळा रेझिस्टर नको, बोर्डावर असतो.

आता मुंग्या. यात चेष्टा नको.

न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडू देऊ नकोस. मुंग्या जातील हे खरं आहे, म्हणूनच लोकांना ते पटतं. पण उद्या खांबावर, मीटरपाशी, नाहीतर तुमच्या मेन बोर्डातल्या किटकॅटमध्ये (जुन्या पद्धतीच्या फ्यूजच्या ठोकळ्यात) न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला आणि न्यूट्रल तुटला, तर काय होतं बघ. घरात एक बल्ब, एक फ्रीज चालू असला तरी फेज त्यांच्यातून फिरून त्या तुटक्या न्यूट्रलवर येते, आणि तुमच्या त्या तुकड्यातून सरळ पत्र्यावर. पूर्ण २३० व्होल्ट. त्या वेळी घरातली वीज गेल्यासारखी दिसते. पंखा बंद, दिवा बंद, संगणक बंद. वीजच नाही म्हटल्यावर माणूस बिनधास्त हात लावतो. आणि जुन्या घरात सॉकेटची फेज-न्यूट्रल उलटी असायला काय लागतंय? तसं असलं तर न्यूट्रल तुटायचीही वाट बघायला नको, तुकडा टाकल्या क्षणापासून पत्रा जिवंत. असं काम करून ठेवलेली घरं मी शहापुरात, खडेबाजारात, खानापुरातही बघितली आहेत. जिथं दिसलं तिथं आधी तो तुकडा काढला, मग बाकीचं काम.

मुंग्या येतात कुठून, तेही सांगतो. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथंच दोन बारीक कपॅसिटर असतात, बहुतेक निळे. एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. आतला स्विचिंगचा कचरा अर्थला सोडणं हे त्यांचं काम. अर्थ जोडलेला असला की तो मुकाट जातो. अर्थच नसला तर बॉडी दोघांच्या मधोमध लोंबकळत राहते, २३० च्या निम्म्यावर. टेस्टर पेटतो, मल्टिमीटर ऐंशी-शंभर दाखवतो. करंट मात्र अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत, म्हणून नुसत्या मुंग्या. पण मॉनिटर, प्रिंटर, यूपीएस सगळं एकाच एक्स्टेन्शनवर असलं तर सगळ्यांची गळती त्या एका अर्थच्या पट्टीवर जमा होते आणि मुंग्यांचा चटका होतो. तुझ्या जुन्या लोखंडी कॅबिनेटातही हेच चाललं असणार. रंग आणि पुढचं प्लॅस्टिक यामुळं हाताला लागलं नाही.

आणि एसएमपीएसच्या आत खरोखरच फेज बॉडीला चिकटली, तर अर्थ नसल्यामुळं फ्यूज उडणार नाही. पत्रा गुपचूप वाट बघत बसेल. मुंग्यांवरून तुला आधी कळलं हे बरं झालं.

तेव्हा अर्थिंग करून घे. परसात मोरीचं पाणी मुरतं तिकडची जागा धर. अडीच मीटरचा, चाळीस मिलिमीटरचा जीआय पाइप, अंगावर भोकं पाडलेला, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर. वर झाकणाचा चेंबर, एप्रिल-मेमध्ये अधूनमधून बादलीभर पाणी. जांबोटी-खानापूरकडं जांभा लागतो, तो ओल धरत नाही, तिकडं उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं. तुम्ही भाताच्या शिवाराला लागून असाल तर खाली माती चांगली लागेल. तिथून हिरवी वायर मेन बोर्डापर्यंत आणि मेन बोर्डापासून त्या सॉकेटपर्यंत. नळाला अर्थ जोडून देतो म्हणणारा भेटला तर त्यालाही नको म्हण, जमिनीखाली कुठंतरी पाइप पीव्हीसीचा झालेला असतो. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक. लायसनवाल्या माणसाला ते ठाऊक असतं, नाव काढून बघ. खर्च करतोच आहेस तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) लावून घे.

झालेलं काम नुसत्या मल्टिमीटरनं तपासू नका. फेज आणि अर्थच्या मधे मल्टिमीटर कुजक्या अर्थिंगवरही २३० दाखवतो, कारण त्याला करंट लागतच नाही. शंभर वॅटचा जुना बल्ब होल्डरमध्ये घालून वायरमननं फेज-अर्थवर लावायचा. न्यूट्रलवर जसा पेटतो तसाच भक्क पेटला पाहिजे. मिणमिणला तर खड्डा नापास. ही चाचणी आरसीसीबीच्या अलीकडून करायची, पलीकडून केली तर तो लगेच पडणार. आणि हे काम त्याच्याच हातून, तू नुसता बाजूला उभा राहून बघ.

घराचं झालं की डब्याचं. लोखंडी कॅबिनेटात एसएमपीएसचे चार स्क्रू आवळले की सगळा डबा आपोआप अर्थ होतो. तुझा एसएमपीएस फणसाला आवळलेला, पत्रा पुढं वेगळा, त्यांची गाठच नाही. यूएसबीच्या बॉडीतून काय मिळेल तेवढंच. कारखान्यात पॅनेलचं दार उघडलं की बिजागरीपाशी हिरवी-पिवळी वायर लोंबते, बघितली असशील. तेच इथं करायचं. दीड चौरस मिलिमीटरची वायर, दोन्ही टोकांना रिंग लग, पक्कडीनं चेपलेले नव्हे, क्रिंपिंग टूलनं दाबलेले. एक टोक एसएमपीएसच्या स्क्रूखाली, दुसरं पुढच्या पत्र्याला. पावडर कोटिंग वीज नेत नाही. लगच्या खालचं कोटिंग पत्रा चकचकीत दिसेपर्यंत खरवड, दातेरी वायसर घाल, नट आवळ. एसएमपीएसची काळी बॉडीही रंगवलेलीच असते, तिथंही खरवड. मग थ्री-पिन टॉप सॉकेटातून काढून त्याच्या जाड पिनेपासून पत्र्यापर्यंत बझर वाजव. पत्र्यावर मल्टिमीटरची पिन स्क्रूवर टेकव, कोटिंगवर टेकवून वाजत नाही म्हणून ओरडू नकोस.

बोर्ड सरळ लाकडावर बसवलेला दिसतोय फोटोत. चालतो, त्याला ग्राउंड एसएमपीएसच्या काळ्या वायरींतून मिळतो. पण तुझं गंजलेलं कॅबिनेट अजून भंगारात घातलं नसशील तर त्याचा आतला ट्रे कापून घे. पितळी स्टँडऑफ तयार, मागच्या पोर्टांची खिडकी तयार, ग्राफिक कार्डाचा कान आवळायला जागा तयार. आता ते कार्ड नुसत्या स्लॉटवर लोंबकळतंय, ते बरं नव्हे. शिवाय लाकूड रेडिओच्या लहरी अडवत नाही. शेजारी कुणी म्हातारा मीडियम वेव्हवर धारवाड लावत असेल तर त्याच्या रेडिओत तुझा संगणक गुरगुरेल.

चार इंची पंखा परत दे. भोकं जुळणारच, दोन्ही १२० मिलिमीटरचे, भोकांमधलं अंतर १०५. पण पॅनेलचा पंखा २३० व्होल्ट एसीचा, त्याच्या कडेला दोन उघड्या पिना. बारा व्होल्टच्या डब्यात, जिथं आपण बोटं घालून वायरी सारखतो, तिथं ते नको. बारा व्होल्टचा चार वायरींचा घे: ग्राउंड, बारा व्होल्ट, वेगाची खबर, वेगाचा हुकूम. बोर्ड सांभाळून घेतो. हेडर सहसा एका अँपिअरचा असतो, स्प्लिटर लावून एकावर चार-पाच पंखे लटकवू नकोस. वडगावात मागांचा कापूस उडतो, आत हवा घेणाऱ्या पंख्याला जाळी लाव आणि ती काढून धुता येईल अशी लाव.

हात आणि कपडे कारखान्यातून आल्या आल्या बोर्डाला लावत नाहीस ना? ओतीव लोखंडाचा बुरा बारीक असतो, वीज नेतो आणि स्लॉटमध्ये बसला की दिसत नाही.

लाइटच्या पट्टीतलं मला विचारू नकोस. ते पोरापोरींचं काम.

---

निपाणीची_सोल्डर

पोरगी हजर आहे, काका. आमच्या गल्लीच्या गणपतीची पिक्सेल लाइटिंग मी करते, त्यामुळं पांढऱ्याचा तांबडा होणं पाठ झालंय.

त्यात पट्टी खराब नाही. असल्या पट्टीच्या एका एलईडीत लाल, हिरवा, निळा असे तीन, प्रत्येक पूर्ण पेटला की वीसेक मिलिअँपिअर, म्हणजे एकाला साठ. तुझे एकशे वीस एलईडी पूर्ण पांढरे केले की ७.२ अँपिअर. बोर्डाच्या पाच व्होल्टच्या हेडरची मर्यादा सहसा तीन. शिवाय पट्टीतल्या तांब्याच्या पातळ रेषेतून तेवढा करंट जाताना व्होल्टेज पडत जातं. निळ्याला पेटायला तीन व्होल्टच्या पुढं लागतात, लालला दोन पुरतात. म्हणून शेवटाकडं आधी निळा मरतो, मग हिरवा, राहतो लाल.

पट्टीला वीज बोर्डातून देऊच नकोस. एसएमपीएसच्या मोलेक्समधून (चार वायरींच्या मोठ्या कनेक्टरमधून) घे: लाल पाच व्होल्ट, काळा ग्राउंड. पिवळ्याला हात लावायचा नाही, तो बारा व्होल्टचा, एका क्षणात सगळी पट्टी जाते. जोडण्याआधी मल्टिमीटर. साटाचं कनेक्टर वापरणार असशील तर अखंड ओतलेल्या प्लॅस्टिकचं स्वस्त ॲडॉप्टर घेऊ नकोस, आतल्या आत वायरी चिकटून जळतात. पाऊण चौरस मिलिमीटरची वायर घे आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना पाच व्होल्ट आणि ग्राउंड दे. लाल वायरीत, मोलेक्सच्या जवळ, पाच अँपिअरचा फ्यूज. बोर्डाकडून फक्त डेटा आणि ग्राउंड आणायचा. हेडरची पाच व्होल्टची वायर कापून टोक झाक, नाहीतर दोन पाच व्होल्ट एकमेकांना भिडतात. ग्राउंड मात्र दोन्हीकडचा एकच पाहिजे, तो सोडलास तर पट्टी वेड्यासारखी लुकलुकते. डेटाच्या वायरीत पट्टीच्या तोंडाशी ३३० ओहमचा रेझिस्टर टाक. आणि सॉफ्टवेअरमध्ये उजेड निम्म्यावर ठेव. एकशे वीस एलईडी पूर्ण उजेडात रात्री समोर बसून बघवत नाहीत, आणि फ्यूजही तेवढ्याच हिशेबानं सांगितलाय.

तुझ्या बोर्डावर बहुतेक बारा व्होल्टचंही एक हेडर असेल, चारही पिना असलेलं. पट्टीचं कनेक्टर तीन पिनांचं, मधे एक जागा बुजवलेली. ते जोर लावून चार पिनांवर बसवता येतं. बसवू नकोस.

आणि मशरूमला बेकार कशाला ठेवतोस? त्याचा तो लाल ठोकळा पट्टीच्या पाच व्होल्टच्या वायरीत मधे घाल, फ्यूजच्या पुढं. असले ठोकळे दहा अँपिअरपर्यंतचे असतात, त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. मशरूमवर थाप मारली की सगळे लाइट बंद, फिरवला की चालू. पाहुण्यांना थाप मारायला मोकळीक, संगणकाला धक्का नाही.

---

जुना_वायरमन_शहापूर

हे आवडलं. पट्टीची दोन्ही टोकं त्या ठोकळ्याच्या पुढूनच घे, नाहीतर एक टोक बंद आणि दुसरं चालू राहील.

---

चंदगडी_गेमर

तो मशरूम कुठं मिळतो बेळगावात?

---

मशरूम_बटण

उद्यमबागेत पॅनेलचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात. चुलीत घालू नकोस तेवढं.

काका, रिसेट काढल्या काढल्या विंडोज आलं. ठोकळा लालच होता, ११-१२. जुन्या कॅबिनेटचा ट्रे कापून बसवला, कार्ड आता सरळ उभं राहतंय. निपाणीच्या ताईंनी सांगितलं तशी पट्टी जोडली, शेवटपर्यंत पांढरी शुभ्र. मशरूमची थाप भारी चालते.

अर्थिंगला वडिलांनी आधी खळखळ केली. इतकी वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच कशाला. न्यूट्रल तुटल्यावर काय होतं ते तुमचं लिहिलेलं तसंच्या तसं वाचून दाखवलं, तेव्हा उठून मेन बोर्ड उघडायला लावला. किटकॅटमधला न्यूट्रलचा स्क्रू हातानं फिरत होता. परसात खड्डा झाला, लायसनवाल्यानंच केला, बल्ब लावून दाखवला. पत्र्यावर टेस्टर आता पेटत नाही. फ्रीजचं आणि वॉशिंग मशीनचं सॉकेटही त्यातच करून घेतलं.

आता एकच राहिलं. पुढच्या पत्र्यात मी हेडफोनचं सॉकेट बसवलंय, धातूचं, ३.५ चं, साध्या वायरीनं बोर्डाच्या ऑडिओ हेडरला जोडलेलं. माऊस हलवला की कानात किरकिर येते. लाइटचा रंग बदलला तरी सूर बदलतो. मागच्या सॉकेटात हेडफोन घातला की काही नाही. आणि विंडोजला पुढचं सॉकेट कधी दिसतं, कधी नाही.

---

निपाणीची_सोल्डर

सॉकेटची धातूची गळी पत्र्याला चिकटलीय. भोक पाडताना तिथलं कोटिंग उडालं असणार. ऑडिओचा ग्राउंड बोर्डापर्यंत एकाच वाटेनं गेला पाहिजे. तुझ्याकडं दोन वाटा झाल्या, एक वायरीतून, एक पत्र्यातून, आणि पत्र्यातून लाइटचा, यूएसबीचा सगळा गोंधळ चाललेला असतो. भोक मिलिमीटरभर मोठं कर, प्लॅस्टिकचा बुश नाहीतर फायबरचे दोन वायसर दोन्ही बाजूंनी घाल. नाहीतर प्लॅस्टिकच्या गळीचं सॉकेटच घे, दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे. बसवल्यावर गळी आणि पत्रा यांच्यात बझर वाजतो की नाही ते ऑडिओची वायर बोर्डावरून काढून बघ. वाजता कामा नये.

साधी वायर काढून जाळीची वायर घाल. जाळी फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंडला जोडायची, सॉकेटकडं कापून सोडायची. लाइटच्या वायरीशेजारून नेऊ नकोस, ट्रेच्या दुसऱ्या कडेनं ने. आडवी ओलांडावी लागली तर काटकोनात.

विंडोजचं म्हणशील तर ऑडिओ हेडरची ४ नंबरची पिन बघ. पुढं पॅनेल जोडलेलं आहे हे बोर्डाला त्या पिनेवरून कळतं, ती ग्राउंडला गेलेली पाहिजे. हातानं केलेल्या वायरीत ती बहुतेक रिकामी राहते.

---

मशरूम_बटण

४ रिकामीच आहे. २ ग्राउंड ना? मग हेडरच्या कनेक्टरमध्येच २ आणि ४ जोडून टाकू काय?

---

निपाणीची_सोल्डर

होय, २ ग्राउंडच. कनेक्टरमध्येच जोड, बोर्डावर डाग देऊ नकोस. आणि सॉकेट पाच टोकांचं, आत स्विच असलेलं मिळालं तर ते घे. हेडफोन घातला की स्पीकर आपोआप बंद होण्यासाठी ७ आणि १० नंबरच्या पिना आहेत, त्यांना तो स्विच लागतो. साध्या तीन टोकांच्या सॉकेटवर ते होत नाही, आवाज दोन्हीकडं येत राहतो.